दिसणारी हाक

दिवाळी सरली की आमच्या सिंदी मेघेच्या रस्त्यावरून कापसाच्या गाड्या जायला लागतात. ताडपत्रीच्या फटींतून पांढरे पुंजके गळत जातात, बाभळीला अडकतात, कधी तारेवर वाळत घातलेल्या माझ्या साडीला येऊन चिकटतात. शेजारच्या वहिनी कचरा म्हणून ते झटकून टाकतात. मला ते जमत नाही. मी पुंजका चिमटीत धरते, त्यातली सरकी काढते, आणि मग दिवसभर माझं एक जुनं खूळ डोकं वर काढतं : मी माणसांचे डोळे सोडून ओठांकडे बघायला लागते. भाजीवालीच्या, बँकेतल्या साहेबांच्या, वर्गातल्या पोरांच्या. पोरं म्हणतात, बाई भारी बेरकी आहे, मागच्या बाकावरचं कुजबुजणंही तिला ऐकू जातं. खरं तर माझे कान बेताचेच आहेत. मला ते नुसतं दिसतं, आणि या दिवसांत तर नको असतानाही दिसतं.

ही विद्या मी कुठल्या शाळेत शिकले नाही. वणा नदीच्या काठी, हिंगणघाटपासून सायकलीच्या टप्प्यावर, कापडाची एक मिल होती आणि त्या मिलपुरतं एक गाव होतं. गावाला मिल मिळाली नव्हती, मिलला गाव मिळालं होतं. आधी तिथे नुसती पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, वावरं. मग कुण्या शेठजींनी धुराडं उभं केलं, आणि त्याच्या सावलीत कामगारांसाठी कौलारू खोल्यांच्या रांगा बांधल्या. त्या रांगांना सगळे लाइनी म्हणत. एका टोकाला मारुतीचं देऊळ, दुसऱ्या टोकाला आमचं विहार, मधे नळ, आणि कुठूनही मान वर केली तरी धुराडं. यंत्रं विलायतेहून आलेली. प्रत्येक लूमच्या लोखंडी कुशीवर तिकडच्या कुठल्याशा गावाचं नाव ठसठशीत अक्षरांत ओतलेलं होतं. बाबांचा डबा घेऊन गेले की मी त्या अक्षरांवरून बोट फिरवायची. माझी इंग्रजी मुळाक्षरं अशी गरम, तेलकट लोखंडावर गिरवलेली आहेत.

लूम खात्यात, म्हणजे जिथे कापड विणलं जाई तिथे, माणसाचा आवाज चालत नसे. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी शब्द पोचायचा नाही, इतका खडखडाट. त्यामुळे तिथली माणसं ओरडतच नसत. ओठ मोठे हलवून, गळ्यातून आवाज न काढता बोलत. समोरचा ते वाचायचा आणि तसंच उत्तर द्यायचा. याला खात्यातली बोली म्हणत. वीस-वीस वर्षं दिवसाचे आठ तास असं बोललेला माणूस घरी आल्यावर काही वेगळा बोलणार नव्हता. त्यांच्याकडून बायका शिकल्या. वायडिंग खात्यात सूत कांड्यांवर गुंडाळणाऱ्या बायका, माझी आई त्यातलीच, आधीच शिकलेल्या होत्या. आणि आम्ही पोरं तर दुधासोबतच शिकलो.

त्यातून गमती पुष्कळ व्हायच्या. लाइनीतली पोरं परीक्षेत एकमेकांना उत्तरं सांगत आणि वर्गात टाचणी पडली तरी मास्तरांना ऐकू येईल अशी शांतता असे. नळावरची भांडणं बघण्यासारखी असत : दोघी बायका कमरेवर हात ठेवून उभ्या, ओठ तलवारीसारखे चाललेले, घागर फुटायची वेळ आलेली, आणि आवाज फक्त पाण्याच्या धारेचा. देवळीकडची एक नवी नवरी आली होती. पहिल्या दिवशी तिनं पाहिलं, सासरा ओसरीवरून ओठ हलवतो, सासू चुलीपासून ओठ हलवते, नवरा मान डोलावतो. आपल्याला फसवून मुक्यांच्या घरात दिलं, असं समजून ती दुपारी पिशवी घेऊन स्टँडवर जाऊन बसली. तिला समजावून परत आणायला माझी आई गेली होती. लाइनीतल्या बायका पुढे कित्येक वर्षं त्या नवरीला चिडवायच्या, तेही अर्थात आवाज न करता.

पण संध्याकाळी वीज गेली की गंमत संपायची. अंधारात कुणाला काही सांगायचं तर कंदील उचलून स्वतःच्या तोंडाशी धरावा लागे. अख्ख्या लाइनीत दारादारांतून असे उजळलेले चेहरे टांगल्यासारखे दिसत, ओठ हलत असलेले. बाहेरून आलेले पाहुणे ते बघून दचकत. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आमच्याकडे हाक ऐकू येत नसे, दिसत असे, एवढाच काय तो फरक.

मी दहावीत गेले त्या वर्षी, पोळा होऊन गेल्यावर, मिल बंद झाली. गेटला कुलूप लागलं. काही दिवसांत उघडेल, असं सगळे म्हणत होते. खंडेनवमीला यंत्रांची पूजा करायची तर यंत्रं आत, म्हणून माणसांनी त्या कुलपालाच हळदकुंकू वाहिलं आणि झेंडूची माळ घातली. बाबा पूजाअर्चेत कधी नसत. दसऱ्याला आमची अर्धी लाइन नागपूरला दीक्षाभूमीवर जायची, बाबा त्यातले. पण त्या नवमीला तेही गेटपाशी हात बांधून उभे होते, कारण त्यांचे दोस्त नत्थूकाका उभे होते.

मला वाटलं होतं, आता मिलचा खडखडाट थांबला तर माणसं मोकळ्या आवाजात बोलायला लागतील. झालं उलटंच. मिल चालू होती तोवर तिचा आवाज भिंतींतून, भांड्यांतून सतत घरघरत असायचा. तो थांबल्यावर जी शांतता पडली तिला सगळे बिचकले. कुणी चुकून मोठ्यानं बोललं की आपल्याच आवाजानं दचकून गप्प व्हायचं. कानातला आवाज तर अजून चालूच आहे, असं बाबा सांगत. "खातं बंद झालं वं, पन कानातलं खातं सुरू हाये," म्हणायचे. हळूहळू लाइनी पूर्णच खात्यातल्या बोलीवर गेल्या. दारादारांत माणसं बसलेली, ओठ चाललेले, आणि नदीपलीकडच्या जिनिंगमधून वाऱ्यावर आलेली रुई त्या सगळ्यांच्या डोक्यांवर हलकेच उतरत असलेली. कावळा ओरडला तरी अंगावर काटा यायचा. कापसाचा हंगाम म्हटलं की मला अजून ती मुकी दुपार आठवते.

आता नत्थूकाकांचं सांगायला हवं. काका आमच्या समोरच्या खोलीत राहायचे. त्यांचं दार आणि आमचं दार तोंडाला तोंड, मधे नळाकडे जाणारा बोळ. खात्यातही त्यांचा लूम बाबांच्या समोर. म्हणजे दिवसभर तिथे समोरासमोर, आणि उरलेला वेळ इथे समोरासमोर. दोघांचं बोलणं कधी संपलंच नाही. काय बोलायचे म्हणाल तर काही नाही. नळ आला, नळ गेला, जावई आर्वीहून आला, आज वांगी आहेत. पण रोज.

या दोस्तीमागे एक गोष्ट होती, ती बाबा सांगायचे तेव्हा मात्र आवाज काढून सांगायचे. पूर्वी आमच्या लोकांना मिलमध्ये बाकी सगळीकडे काम मिळे, लूम खात्यात मिळत नसे. कारण धोटा. धाग्याची कांडी पोटात घेऊन मागावर इकडून तिकडे धावतो तो धोटा. त्याच्या बारीक भोकातून सूत बाहेर काढायचं तर भोकाला तोंड लावून ओढावं लागे. एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाणार, म्हणून आम्ही नकोत. कायद्यानं ते केव्हाच संपलं होतं, खात्यात संपलं नव्हतं. बाबा तेव्हा बदली होते. बदली म्हणजे नोकरी पक्की नसलेला कामगार. तो रोज सकाळी गेटपाशी येऊन उभा राहायचा. आत कुणी गैरहजर असला तर जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, दारात येऊन ओठांनी सांगायचा, 'जागा हाये, ये.' नसला तर, 'आज जागा नाई. घरी जा.' त्यावर वाद घालायचा नाही, कारण मागायची गोष्ट नव्हतीच ती. डबा तसाच घेऊन परत जायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं.

एकदा लूम खात्यात माणूस कमी होता आणि गेटवर एकटे बाबा. जॉबर नको म्हणाला. तेव्हा नत्थूकाका बाबांना आत घेऊन गेले, त्यांच्या हातात धोटा दिला, सूत ओढायला लावलं, आणि सगळ्या खात्यासमोर तोच धोटा घेऊन स्वतःच्या तोंडाला लावला. कुणी काही बोललं नाही. बोलले असते तरी त्या खडखडाटात ऐकू आलं नसतं, असं बाबा हसून म्हणायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर जॉबर आलाच नाही. काका आले, आणि गर्दीतून बाबांना शोधून म्हणाले, "देवराव, जागा हाये, ये." बाबा म्हणायचे, आयुष्यात मला बोलवायला आलेला तो एकच माणूस.

मिल बंद झाली त्या वर्षी थंडी पडता पडता नत्थूकाका गेले. डॉक्टर दमा म्हणाले, लाइनीतले म्हणाले छातीत रुई बसली. तेराव्यानंतर काकू लेकीकडे आर्वीला गेल्या आणि समोरच्या दाराला कुलूप लागलं. बाबा फारसे रडले नाहीत. दुपारचं जेवण झालं की पूर्वीसारखेच आमच्या पायरीवर बसायचे, समोरच्या बंद दाराकडे तोंड करून. मी आत खिडकीशी अभ्यासाला बसायची. तिथून त्यांचं तोंड मला कडेनं दिसायचं.

काही दिवसांनी माझ्या ध्यानात आलं की त्यांचे ओठ हलताहेत.

म्हाताऱ्या माणसाचं पुटपुटणं म्हणून मी सोडून दिलं असतं. पण बाबा म्हातारे नव्हते, आणि ते पुटपुटणं नव्हतं. ती खात्यातली बोली होती, ओठ नीट मोठे हलवलेले, समोरच्याला वाचता यावेत असे. 'नळ नाई आला आज.' मग थांबायचे. समोर बघत राहायचे. मग मान डोलावून, 'हो ना.' पुन्हा थांबायचे. त्या थांबण्याचीच मला भीती वाटायला लागली. एखादा माणूस एक वाक्य बोलायला जेवढा वेळ घेईल तेवढंच ते थांबणं असायचं. कधी लांब, कधी आखूड, आणि मधेच बाबा हसायचेसुद्धा, समोरून काही मजेचं आल्यासारखे. मी उठून खिडकीतून समोर बघायची. कुलूप, पायरी, पायरीवर साठलेली रुई. बाकी काही नाही.

माघ लागला असेल. मी इतिहासाचं पुस्तक मांडीवर घेऊन बसले होते. बाबांचे ओठ म्हणाले, 'जागा हाये? कोनत्या पाळीले?' थांबले. मग चेहरा उजळला. दुकानातल्या पोराला एकदम नोकरीचा कागद मिळावा तसा. मग ते जरा विचारात पडले, आणि म्हणाले, 'आत्ता नाई येत बावा. पोरीची परीक्षा होऊ दे. मंग येतो.'

आई मागच्या बाजूला तांदूळ निवडत होती, मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"आई, बाबा कोनाशी बोलून राह्यले?"

आईनं सुपातून नजर काढली नाही. "तुले काय दिसलं?"

मी सांगितलं. तिनं एक खडा वेचून लांब फेकला. "मले म्हाईत हाये. लय दिवसांपासून पाहून राह्यली मी."

"मंग त्यायले विचारत काऊन नाई?"

"विचारलं ना. म्हनते, नत्थूनं सोता येऊन बोलावलं, त त्याले नाई कसं म्हनू? मी म्हनलं, अवो, तो मेला. त म्हनते, मले म्हाईत नाई का. मी खांदा देल्ला त्याले."

आई सूप पाखडून म्हणाली, "तू त्यायच्या तोंडाकडे नोको पाहू नंदे. भिंतीकडे तोंड करून बसत जा अभ्यासाले." मग तिनं पदराचा बोळा तोंडात धरला आणि तशीच निवडत राहिली.

त्याच सुमाराला सिंदी मेघेहून मामा आला. त्यानं बाबांसाठी एका दवाखान्यात चौकीदाराचं काम पाहून ठेवलं होतं. राहायला खोलीही होती. लाइनीत आता काय ठेवलंय, चला भाऊजी, म्हणून तो हट्टाला पेटला. बाबा घसा खाकरून, मुद्दाम आवाज काढून म्हणाले, "पोरीची परीक्षा होऊ द्या." मामा खूश झाला. लाइनीतले चार जण बसले होते तेही म्हणाले, बाप असावा तर असा, मिल बुडाली तरी पोरीचं शिक्षण सोडलं नाही. मी आणि आई चुलीपाशी एकमेकींकडे न बघता बसलो होतो. मला त्या कौतुक करणाऱ्यांचा इतका राग आला की चहा देताना मी मुद्दाम साखर घातली नाही.

बाबा तयारीला लागले. कौलं फेरली, दाराची बिजागरी बदलली, आईसाठी सरपण फोडून भिंतीला रचून ठेवलं. रोज दाढी करायला लागले. जेवण मात्र कमी कमी होत गेलं, गालांची हाडं वर आली. मी वेड्यासारखे हिशेब करायची. नापास झाले तर पुन्हा ऑक्टोबरात बसावं लागेल, म्हणजे बाबा ऑक्टोबरपर्यंत. पुन्हा नापास झाले तर मार्चपर्यंत. जन्मभर दहावीलाच बसायची माझी तयारी होती. पण मी पहिल्या बाकावरची पोरगी. पेपर हातात आला की हात आपोआप लिहीत सुटायचा, आणि घंटा झाल्यावर मला रडू यायचं. बाकीच्या मुली समजूत घालायच्या की कठीणच होता गं पेपर.

शेवटचा पेपर भूगोलाचा होता. सकाळी निघताना पाहिलं, तारेवर बाबांचे खात्यातले कपडे वाळत होते, खाकी चड्डी आणि भोकं पडलेला बनियन. दुपारी पेपर देऊन परतले तर बाबा ते कपडे अंगात घालून पायरीवर बसलेले. भांग पाडलेला. मांडीवर डबा.

मी आत धावले. आई दारामागे उभी होती. मी म्हटलं, "डबा कोनं देल्ला?"

"म्या देल्ला."

"काऊन?"

"मागतला त्यायनं. उपाशी कशी जाऊ देऊ?" एवढं बोलून ती खाली बसली. मी बाहेर आले. बाबा समोर बघत होते आणि मान डोलावत होते, आलोच, आलोच, अशी. मी त्यांना हाक मारली, खऱ्या आवाजात, मोठ्यानं. लाइनीतली कुत्री उठून बसली. बाबांनी वळून पाहिलं नाही. त्यांच्या कानातलं खातं चालू होतं. त्या खडखडाटात माझा आवाज त्यांना कुठून ऐकू येणार होता.

मग मी बोळ ओलांडला आणि नत्थूकाकांच्या पायरीवर जाऊन बसले.

का बसले ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. त्यांना दिसेल अशी एवढीच जागा होती. त्या पायरीवर दुपारी ऊन येत नसे, ती बाजू सावलीची. तरी पायरी गरम होती. माणूस नुकता उठून गेल्यावर असते तशी. मी उठले नाही. माझ्या कमरेपाशी, डाव्या बाजूला, कुणीतरी जरा सरकून बसल्यासारखं मला वाटलं, पण मी तिकडे बघितलं नाही. मी समोर बघितलं. बाबांची नजर आधी माझ्या शेजारी होती, मग ती माझ्या तोंडावर आली. आणि मी ओठ नीट मोठे हलवून, जॉबर म्हणायचा तसं म्हणाले, 'आज जागा नाई. घरी जा.'

बाबांचा चेहरा पडला. गेटवरून परतलेल्या बदली कामगारांचे असे चेहरे मी लहानपणी पुष्कळ पाहिले होते. ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. ती मी आहे हे त्यांना कळलं होतं की नाही, कोण जाणे. मग त्यांचे ओठ हलले, 'उद्या?'

'उद्याचं उद्या,' मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. वाद घातला नाही. उठले, वाकून आत गेले, डबा उघडला आणि आईच्या समोर बसून सगळा जेवले. आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मी बोळातच उभी होते. माझं अंग तापलं होतं, पण मी इतकी आनंदात होते की मला नळावर जाऊन नाचावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा बसले आणि मी पुन्हा बसले. निकाल लागून आम्ही निघेपर्यंत रोज दुपारी मी समोरच्या पायरीवरून माझ्या बापाला घरी पाठवत होते. एकदा मला ताप भरला तेव्हा आई जाऊन बसली. लाइनीतल्यांना दिसत होतंच, आमच्याकडे न दिसणारं असं काय होतं? पण कुणी एका शब्दानं विचारलं नाही. फक्त त्या पायरीवरची रुई कुणीतरी सकाळी झाडून ठेवायला लागलं.

सिंदी मेघेत आल्यावर ते थांबलं. इथे समोर दार नव्हतं, दुसऱ्या घराची कोरी भिंत होती. बाबा चौकीदार झाले. गेटवर उभं राहून लोकांना विचारावं लागे, कुणाकडे जायचं, भेटायची वेळ नाही, असं बजावावं लागे. त्यामुळे त्यांचा आवाज हळूहळू परत आला. पहिल्या दिवाळीला त्यांनी मला 'नंदे' म्हणून अंगणातून हाक मारली तर मी आत दचकून पातेलं पाडलं. मी डी.एड. केलं, नोकरी लागली. त्या दुपारींबद्दल आम्ही तिघं कधी बोललो नाही. त्यांना आठवत होतं का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

शाळेजवळ सायबर कॅफे निघाला तेव्हा मी एकदा त्या लोखंडी अक्षरांतलं गाव शोधलं. लँकेशायरमधलं निघालं. तिथेही मिल बंद पडलेली, तिथेही एकसारख्या घरांच्या रांगा, मधे बोळ, दाराला दार. आणि खाली लिहिलं होतं की तिथल्या बायका लूमवर आवाज न काढता ओठांनी बोलत, आणि म्हाताऱ्या झाल्यावर घरीही तशाच बोलत. एका फोटोत दोघी म्हाताऱ्या आपापल्या दारात उभ्या होत्या, एकीचं तोंड अर्धवट उघडं. मी स्क्रीनशी नाक लावून ती काय म्हणते आहे ते वाचायचा प्रयत्न केला. इंग्रजीतलं होतं, जमलं नाही. पण पलीकडच्या दारात तिला कोण दिसत होतं, याची मला उगाच काळजी वाटली.

मागच्या वर्षी याच दिवसांत बाबा दवाखान्यात होते. छाती भरली होती. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क, त्यामुळे ओठ झाकलेले. खिडकीबाहेर रस्त्यावरून कापसाच्या गाड्या जात होत्या. दुपारी चमच्यानं पेज भरवायची तेवढ्यापुरता सिस्टर मास्क खाली घ्यायच्या. पहिल्यांदा मास्क उतरला तेव्हा बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि आवाज न काढता ओठ हलवले.

'जागा?'

म्हणजे त्यांना सगळं आठवत होतं. इतकी वर्षं ते मला ओळखून होते.

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तिला आता ओठ हललेले कळतात, वाचता येत नाहीत. ती म्हणाली, "काय म्हनून राह्यले वं?"

"पानी मागून राह्यले," मी म्हटलं, आणि बाबांना ओठांनी सांगितलं, 'आज नाई. घरी जा.' त्यांनी डोळे मिटले. वाद घातला नाही.

दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच, आणि त्यानंतरही. दर वेळी त्यांचा श्वास जास्त लांबून आल्यासारखा येत होता. दर वेळी मी नाही म्हणत होते, आणि ते ऐकत होते. डॉक्टर म्हणाले, कशाच्या जोरावर टिकून आहेत कळत नाही. मला कळत होतं. मी त्यांना त्या पलंगाशी अडवून धरलं होतं, आणि माझ्या शब्दाबाहेर जायचं नाही म्हणून तो माणूस छातीतल्या रुईशी झगडत पडून होता. मला ते सुटावेत असंही वाटत होतं आणि ते असावेत असंही. या दोहोंच्या मधे बसून मी पेज ढवळत होते.

त्या दुपारी सिस्टरांनी मास्क खाली घेतला. बाबांनी पेज नको म्हणून मान वळवली. ओठांना चिरा पडल्या होत्या, तरी त्यांनी ते नीट मोठे हलवले, मला वाचता यावं म्हणून.

'जागा?'

मी आईचा हात धरला. मग मी ओठांनी म्हणाले, 'हाये. जा, बाबा.'

त्यांचा चेहरा उजळला. पण ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या खांद्यावरून मागे बघत होते, आणि तिकडे बघूनच त्यांचे ओठ हलले : 'पोरगी हो म्हनते.' मग ते थांबले. एखादा माणूस एक छोटं वाक्य बोलायला जेवढा वेळ घेईल तेवढेच थांबले, आणि हसले.

माझ्या मागे दवाखान्याची भिंत होती, हे मला माहीत होतं. तरी मी वळून बघितलं नाही.